इंजिन बंद पडल्यावर बॅटरीच उरते

मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य, यांस,



३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांसाठीच्या दळणवळण आणि साहाय्य यंत्रणेचाही देशव्यापी आरंभ झाला. बंदराबद्दल त्यानंतर भरपूर लिहिले-बोलले गेले आणि ते व्हायलाच हवे होते. दुसरी घोषणा मात्र बातमीच्या तळाशी राहिली. तिच्यानुसार १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १ लाख यांत्रिक व मोटर बसवलेल्या नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने बसवले जाणार आहेत. त्याचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आहे. मोबाइलची रेंज संपते तिथूनही उपग्रहामार्फत संदेश देता-घेता येतील, वादळाची सूचना थेट नौकेवर पोहोचेल, सागरी सीमा जवळ आली की इशारा मिळेल आणि संकटात सापडलेली नौका कुठे आहे हे किनाऱ्याला कळेल. योजना चांगली आहे आणि या पत्रात तिच्याविरुद्ध एक शब्दही नाही. मागणी इतकीच आहे की, बाहेरून लावलेल्या जुन्या मोटरवर, म्हणजे आउटबोर्ड मशीनवर, चालणाऱ्या होड्यांवर हे उपकरण चढवताना त्या मशीनची बॅटरी चार्ज करण्याची व्यवस्थाही त्याच वेळी आणि त्याच योजनेच्या खर्चातून सुधारून द्यावी. तसे झाले नाही तर उपकरण होडीवर असेल, पण नेमक्या गरजेच्या घटकेला ते मुके होण्याची भीती आहे.

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतहून समुद्र दिसत नाही. मग इथून होडीच्या बॅटरीबद्दल पत्र का, असे कुणालाही वाटेल. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नागली आणि वरई कापून झाली की घरात काम उरत नाही, आणि माणसे उतरून खाली जातात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर आणि कुणी बोटीवर जाते. सातपाटी, डहाणू, अर्नाळ्यापासून थेट गुजरातच्या बंदरांपर्यंत जे खलाशी काम करतात, त्यांत पालघर जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांतली माणसे मोठ्या संख्येने आहेत. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे खलाशी सागरी सीमेवर पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढतात, हे जिल्ह्याला चांगले ठाऊक आहे. नौका ज्याची असते त्याचे घर किनाऱ्यावर असते. त्याला बंदरावर जाऊन चौकशी करता येते, मच्छीमार सोसायटीत विचारता येते. डोंगरातल्या घराला तेही साधत नाही. होडी वेळेवर परतली नाही, तर त्या घरापर्यंत बातमी सगळ्यांत शेवटी पोहोचते. म्हणून होडीवरून संदेश निघतो की नाही हा प्रश्न जितका कोळीवाड्याचा आहे, तितकाच या पाड्यांचाही आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. जुन्या आउटबोर्ड मशीनचे झाकण काढले की वर जड फ्लायव्हील दिसते. त्याच्या आतल्या कडेला चुंबके बसवलेली असतात आणि खाली, न फिरणाऱ्या तबकडीवर, तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. मेकॅनिक त्यांना कॉइल म्हणतात. एक कॉइल प्लगला ठिणगी देण्यासाठी असते आणि दुसरी दिव्यासाठी व बॅटरीसाठी. मशीन फिरले की चुंबके कॉइलवरून धावतात आणि दिशा बदलत राहणारी वीज तयार होते. बॅटरीला एकाच दिशेची वीज लागते, म्हणून मध्ये डायोडचा रेक्टिफायर असतो. जुन्या लहान मशीनमध्ये व्यवस्था इथेच संपते. पुढे तिला आवर घालणारे काहीही नसते. चुंबके कायमची असल्यामुळे त्यांचा जोर कमी-जास्त करता येत नाही. मशीन जितके वेगात फिरेल तितका दाब वाढतो आणि मशीन मंदावले की वीज जवळजवळ आटते. साखरशेतमध्ये हे कुणाला नवे नाही. जुन्या मोटरसायकलचा हेडलाइट घाटाच्या वळणावर, गाडीचा वेग कमी होताच, मिणमिणतो आणि अॅक्सिलरेटर पिळला की लख्ख होतो, त्याचे कारण हेच. मोटरसायकलींत पुढे रेग्युलेटर-रेक्टिफायर आला आणि बॅटरीचा तरी हा प्रश्न सुटला. समुद्रावर जुनी मशीन मात्र तशीच राहिली, कारण ती बनली तेव्हा त्या कॉइलवर एखादा दिवा लावण्यापलीकडे कुणाची अपेक्षा नव्हती.

आवर नसलेल्या या विजेने बॅटरीचे दोन उलट प्रकारे नुकसान होते, आणि एकाच होडीवर दोन्ही होतात. लांबच्या पल्ल्यावर मशीन तासन्‌तास पूर्ण वेगात चालते. बॅटरी आधीच भरलेली असेल तरी कॉइल पाच-सहा अँपिअर ढकलतच राहते. आम्लाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टच्या वर नेले की आतले पाणी फुटून वायू होऊ लागतो. दाब १५-१६ व्होल्टवर गेला की ती उघड उकळते. पाणी घटते, पट्ट्या उघड्या पडतात, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमतो आणि तो थर खाऱ्या हवेत आणखी पसरतो. आपल्याकडच्या उष्म्यात हे अधिक लवकर होते, कारण बॅटरी जितकी गरम, तितका तिला कमी दाब पुरतो; ३५ अंशांवर ही मर्यादा दोन-तीन दशांश व्होल्टने खाली येते. त्यातच लाटेच्या हिसक्याने टर्मिनल सैल झाले, तर बॅटरी सर्किटमधून निघते आणि कॉइलचा दाब १२ व्होल्टच्या कितीतरी वर उसळतो. आधी डायोड जातो आणि पाठोपाठ त्या तारेवर जे नाजूक उपकरण असेल तेही जाते. आजवर त्या तारेवर साधा बल्ब असायचा. तो गेला तर दुसरा लावता यायचा. उद्या तिथे ट्रान्सपॉन्डर असेल.

उलट बाजू जाळे टाकून बसलेल्या रात्रीची आहे. एक साधा हिशेब मांडतो. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण ते कुणालाही होडीवर ताडून पाहता येतील. होडी बारा तास बाहेर आहे. काठीवरचा दिवा, जीपीएस, जाळे ओढताना लागणारा एलईडी, मोबाइल आणि नवे उपकरण मिळून सरासरी २५ वॅट धरले, तर ३०० वॅट-तास, म्हणजे बॅटरीतून २५ अँपिअर-तास खर्ची पडले. जमा काय होते? जाताना एक तास आणि येताना एक तास मशीन वेगात. ८० वॅटची कॉइल कागदावर सहा-साडेसहा अँपिअर देते. तारेतली घट आणि चार्ज होतानाचा नेहमीचा तोटा जाता पाच धरू. म्हणजे जमा १० अँपिअर-तास. मधल्या काळात मशीन बंद किंवा अगदी मंद असते, तेव्हाची जमा नगण्य. रोजची तूट १५ अँपिअर-तासांची. ८० अँपिअर-तासांची नवीकोरी बॅटरी तिसऱ्या रात्रीअखेर निम्म्याखाली येते. म्हणून आज काय होते, तर वीस किलोची बॅटरी खांद्यावर घेऊन पुळणीतून घरी आणायची, चार्जरला लावायची आणि पुन्हा न्यायची. भरती-ओहोटीच्या वेळेशी बांधलेल्या धंद्यात हे रोज जमत नाही, आणि अर्धी रिकामी ठेवलेली आम्लाची बॅटरी दर आठवड्याला थोडी थोडी मरत जाते. पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि नंतर कितीही चार्ज केली तरी तिची पूर्वीची ताकद परत येत नाही.

या सगळ्यातून निघणारी, आणि हे पत्र ज्यासाठी लिहिले ती गोष्ट अशी: समुद्रावर मदत मागण्याची वेळ बहुतेकदा इंजिन बंद असतानाच येते. प्रोपेलरमध्ये जाळे अडकते, कार्ब्युरेटरमध्ये पाणी जाते, दोरी ओढून ओढून हात दुखले तरी मशीन उठत नाही आणि होडी ओहोटीबरोबर बाहेर वाहू लागते. त्या क्षणी फ्लायव्हील थांबलेले असते आणि कॉइल एक थेंबभर वीजही देत नाही. संदेश जाईल तो आधीच्या काही दिवसांत बॅटरीत जे साठले असेल त्याच्या बळावर. चालू मशीनवर उपकरणाचा हिरवा दिवा लागतो हे पाहून ते बसवले अशी नोंद करणे म्हणजे परीक्षा चुकीच्या वेळी घेणे आहे. खरी परीक्षा मशीन बंद करून, दिवे रात्रभर जळून गेल्यावर, पहाटे घ्यायला हवी. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.८ च्या आसपास म्हणजे जवळपास संपलेली, हे आकडे शंभर-दोनशे रुपयांच्या मीटरवर दिसतात. उपकरणाला आतली छोटी राखीव बॅटरी असली तरी तर्क बदलत नाही, कारण तीही होडीच्या बॅटरीतूनच भरायची असते, आणि मोठी वारंवार संपली तर छोटीही संपते.

महाराष्ट्रात हा प्रश्न नजरेआड का राहिला याचे उत्तर मोजणीत आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात १७,३६२ नौका होत्या. त्यांत १३,०१६ यांत्रिक, म्हणजे आत इंजिन बसवलेल्या, २,७८३ बिनइंजिनाच्या आणि बाहेरून मोटर लावलेल्या फक्त १,५६३. शंभरातल्या नऊ. त्याच गणनेत देशभरात मात्र १,९४,४९० पैकी ७१,३१३ नौका मोटर लावलेल्या होत्या, म्हणजे शंभरात सदतीसच्या आसपास. केरळ-तमिळनाडूत आउटबोर्ड हा मुख्य प्रवाह आहे, तिथे त्याचे मेकॅनिक, सुटे भाग आणि सवयी गावोगावी आहेत. आपल्याकडे नौका म्हटली की डोळ्यांपुढे सातपाटीची डिझेल इंजिनाची बोट येते. त्या इंजिनाला पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर असतो, त्यात रेग्युलेटर असतो, ट्रान्सपॉन्डर तिथे जोडला की काम संपते. नियम, निविदा आणि बसवण्याची पद्धत त्या बोटीकडे पाहून ठरते आणि झाई-बोर्डीपासून वसईपर्यंतच्या खाड्यांतली, किनाऱ्यालगत दोघा-तिघांनी चालवायची होडी त्या मापात कोंबली जाते. संख्या कमी आहे याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा: दीड-दोन हजार होड्यांची व्यवस्था सुधारणे राज्याला परवडणारे आणि एक-दोन हंगामांत उरकणारे काम आहे. तेरा हजारांचा पसारा इथे नाही.

सुधारणा म्हणजे नेमके काय करायचे हेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही तक्रारच उरेल. पहिली गोष्ट, जुन्या रेक्टिफायरच्या जागी रेग्युलेटर-रेक्टिफायर. अॅल्युमिनियमच्या पाखांचा तळहाताएवढा ठोकळा, आत विजेचे भाग, वरून पाणी शिरू नये म्हणून राळ ओतलेली. तो दोन्ही दिशांच्या लहरी वापरतो, त्यामुळे एकाच डायोडवर अर्धी वीज वाया घालवणाऱ्या जुन्या मशीनची कमाई वाढते, आणि दाब १४.४ व्होल्टच्या आसपास पोहोचला की जादा वीज अडवतो. दुसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक, पण माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित आहे, ती म्हणजे तार. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मशीनपासून बॅटरीपर्यंत पाच मीटर गेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर होते. सहा अँपिअरला तिच्यात साधारण ०.४४ व्होल्ट विरतात. रेग्युलेटरपाशी १४.४ असले तरी बॅटरीला १३.९६ च मिळतात आणि ती सावकाश भरते. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.१८ वर येते. कल्हई केलेल्या तांब्याची तार, बॅटरीजवळ फ्यूज, झाकणाची पेटी आणि हलणार नाही असे घट्ट टर्मिनल, एवढ्याने अर्धे दुखणे जाते. तिसरी गोष्ट म्हणजे राखीव साठा. बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास आली की दिवा, मोबाइल वगैरे आपोआप तोडणारा आणि ट्रान्सपॉन्डर मात्र चालू ठेवणारा छोटा कट-ऑफ बसवला, तर मदत मागण्यापुरती वीज रोज शिल्लक राहील. त्यात काठीवरचा दिवा मात्र दुसऱ्या, लहान सेलवर ठेवावा लागेल. अंधारात दिवा विझलेली होडी मोठ्या जहाजाखाली येऊ शकते.

यावर पहिला आक्षेप येईल तो सोलरचा: एवढी उठाठेव कशाला, होडीवर पॅनेल लावा. पॅनेल लावावेच. पण त्याची कमाई मोजून लावावे. २० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ८० ते १०० वॅट-तास देते, म्हणजे तोटा जाता सहा-सात अँपिअर-तास. वर मांडलेल्या तुटीच्या निम्मेही नाही. त्याच्यावर मिठाचा थर बसतो, जाळ्याची सावली पडते, ढग येतात. ४०-५० वॅटचे पॅनेल आणि सुधारलेली कॉइल मिळून हिशेब जुळतो. एकट्या पॅनेलने नाही. शिवाय पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्येही चार्ज कंट्रोलर लागतोच. डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर खांबावरचे सौरदिवे याची साक्ष देतात: पॅनेल वर तसेच चकाकते आणि खाली दिवा कधीच विझलेला असतो, कारण बॅटरी मेली आणि ती का मेली हे कुणी पाहिले नाही. वस्तू वाटायची आणि तिचे रोजचे खाणे कुठून येईल ते पाहायचे नाही, हा अनुभव जव्हार-मोखाड्याने घेतला आहे. तोच किनाऱ्यावर पुन्हा घडू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जुन्या मशीनची मूळ जोडणी बदलण्यात धोका आहे, असे जाणकार म्हणतील, आणि ते खरे आहे. स्वस्त रेग्युलेटर जादा वीज कॉइलवरच शॉर्ट करून जिरवतो. त्यामुळे कॉइलला सतत पूर्ण प्रवाह वाहावा लागतो आणि आधीच खारट झालेले तिचे आवरण जळू शकते. ठिणगीची कॉइल वेगळी असते. तार चुकून तिच्याशी जोडली गेली तर बॅटरी वाचवताना मशीनच बंद पडेल, म्हणजे उपायच अपघाताचे कारण ठरेल. काही मशीनवर वेग दाखवणारा काटा याच कॉइलच्या स्पंदनांवर चालतो, तो चुकीचे आकडे दाखवू लागतो. काही लहान मशीनला तर दिव्याची कॉइल मुळात नसतेच. तिथे रेग्युलेटरचा काही उपयोग नाही, पॅनेल आणि किनाऱ्यावरचा चार्जर हाच मार्ग. पण यावरून निष्कर्ष निघतो तो काम सोडून देण्याचा नाही. ते बाजारातल्या कुठल्याही ठोकळ्यावर आणि कुणाच्याही हातावर सोडू नये एवढाच. कोणत्या मशीनला कोणता रेग्युलेटर चालतो याची तपासून घेतलेली यादी विभागाने करावी, जोडणी करणाऱ्याला शिकवावे आणि जोडल्यावर मशीन तासभर पूर्ण वेगात चालवून कॉइल व ठोकळा किती तापतो ते पाहावे. आज हेच काम बंदरावर कुणीतरी मोटरसायकलचा जुना भाग लावून अंदाजाने करतोच आहे. शासनाने हात आखडता घेतल्याने धोका कमी होत नाही, फक्त त्याची नोंद राहत नाही.

लिथियमची बॅटरी द्या म्हणजे सारे मिटेल, असेही सुचवले जाईल. ती हलकी असते, खोलवर वापरली तरी लवकर मरत नाही, हे मान्य. पण रेग्युलेटर नसलेल्या मशीनवर ती लावणे सर्वांत घातक. दाब वाढताच तिच्या आतले संरक्षक सर्किट बॅटरी अचानक तोडते, आणि मग टर्मिनल सैल झाल्यावर जे होते तेच होते: उसळलेला दाब थेट उपकरणावर. आधी रेग्युलेटर, मग लिथियमचा विचार. हा क्रम उलटा करू नये.

जुनी मशीन बदलून नवी फोर-स्ट्रोक द्यावीत, त्यांत रेग्युलेटर आधीच असतो, असेही म्हणता येईल. ज्याला शक्य आहे त्याने घ्यावीत. नवे मशीन लाखांत जाते, चार्जिंगची सुधारणा काही हजारांत होते, आणि आउटबोर्ड नीट राखले तर वर्षानुवर्षे चालते. नव्याची वाट पाहण्यात जे हंगाम जातील त्यांत होडी समुद्रावर जाणारच आहे. किनाऱ्यालगतच्या होडीला मोबाइल पुरतो, हा आक्षेपही समुद्राच्या बाजूने पाहिला तर टिकत नाही. रेंज किनाऱ्यापासून किती दूर राहील हे वाऱ्यावर आणि पाण्यावर ठरत नाही, पण बंद पडलेली होडी कुठे जाईल ते त्यांच्यावरच ठरते. आणि मोबाइलही त्याच बॅटरीवर चार्ज होतो. चांगल्या चार्जिंगचा वापर एलईडीच्या झोतात मासे ओढण्यासाठी होईल, अशी शंका कुणी घेईल. त्या मासेमारीवर नोव्हेंबर २०१७ पासून बंदी आहे आणि ती असावीच. पण त्या झोतांना किलोवॅटचे जनरेटर लागतात. ८० वॅटच्या कॉइलवर ते होत नाही.

राहिला प्रश्न खर्च कुणी करायचा. होडी मालकाची, तर देखभाल मालकाने करावी, हे सरळ वाटते. पण ट्रान्सपॉन्डर मालकाच्या मागणीवरून येत नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पोरबंदरची ‘कुबेर’ बोट वापरली गेली, तेव्हापासून प्रत्येक लहान नौका कुठे आहे हे राज्याला कळायला हवे, ही सुरक्षेची गरज मान्य झाली. एकसमान नोंदणी, ओळखपत्रे, रंगसंकेत त्यातूनच आले. जे उपकरण मालकाच्या जिवासाठी आहे आणि तितकेच राज्याच्या नजरेसाठीही, त्याला लागणारी वीज ही एकट्या मालकाची जबाबदारी म्हणता येत नाही. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. शेतीत आपण काय करतो ते पाहा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पॅनेल, कंट्रोलर आणि पंप असा पूर्ण संच मिळतो. सर्वसाधारण शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के, आणि पुढची पाच वर्षे दुरुस्तीची हमी व विमा असतो. नुसता पंप देऊन ‘विजेचे तुम्ही पाहा’ असे कुणी म्हणत नाही. जव्हारच्या शेतकऱ्याला लागू असलेला हा न्याय डहाणूच्या होडीला लावला, तर नवे धोरण शोधायची गरज नाही. ट्रान्सपॉन्डरबरोबर चार्जिंगचा संच, मालकाचा अल्प वाटा आणि पाच वर्षांची देखभाल, इतकेच हवे.

कामाची वेळही निसर्गाने आणि नियमाने ठरवून दिली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, शाकारलेल्या असतात आणि मशीन काढून घरात ठेवलेली असतात. हेच दोन महिने बॅटरीच्या मुळावर येतात: ती कोपऱ्यात पडून राहते, उकाड्यात आपोआप उतरत जाते आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी लोटताना तिच्यात दम उरलेला नसतो. याच काळात प्रत्येक बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या आवारात जोडणीचे शिबिर भरवावे, आणि बॅटऱ्या दोन महिने भरलेल्या राहतील असा सामायिक चार्जर तिथे कायमचा ठेवावा. हात कुठून आणायचे हाही प्रश्न नाही. जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री आणि मोटर मेकॅनिक होऊन निघणारी डोंगरातली मुले आहेत, त्यांना मोटरसायकलचा रेग्युलेटर ओळखीचा आहे. आउटबोर्डचे काही दिवसांचे खास शिक्षण आणि समुद्रावरच्या जोडणीची शिस्त दिली, तर पावसाळ्यातला त्यांचा रिकामा काळही कामी लागेल. ज्या घरांतून खलाशी जातात, त्याच घरांतल्या मुलाने ती तार घट्ट केलेली असेल.

आपल्याकडून पहिली अपेक्षा मात्र याहून लहान आहे आणि तिला कुठल्याही निधीची वाट पाहावी लागत नाही. ट्रान्सपॉन्डर बसवल्याची जी नोंद होते, तिच्यात आउटबोर्ड असलेल्या होड्यांसाठी तीन रकाने वाढवावेत: मशीन बंद असताना बॅटरीचा दाब, मशीन मंद असताना आणि मशीन पूर्ण वेगात असताना. पहिला आकडा बॅटरी जिवंत आहे का ते सांगेल, दुसरा ती भरते का ते, आणि तिसरा ती जळते का ते. पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या बंदरापासून, झाई किंवा डहाणूपासून सुरुवात करून येत्या १ जूनपूर्वी हे आकडे गोळा झाले, तर बंदीच्या दोन महिन्यांत नेमक्या कोणत्या होड्यांना काय लागेल हे आपल्या टेबलावर असेल, आणि मग निधीची मागणीही त्याच आकड्यांसह करता येईल.



आपला नम्र,
एक नागरिक
साखरशेत, ता. जव्हार, जि. पालघर